दुष्काळी शिधा व आहारशास्त्राची तागडी

जुनीं दप्तरें चाळणाऱ्या प्रत्येक संशोधकाच्या हातीं शिध्याच्या याद्या येतात. तांदूळ, कणीक, डाळ, तूप, गूळ, मीठ, मसाला अशी ओळीनें मांडणी, पुढें शेर, पावशेर, नवटांक असे आंकडे, आणि शेवटीं किती आसामींस दिलें त्याचा उल्लेख, एवढाच त्यांचा मजकूर. त्यांत स्वारी नाहीं, तह नाहीं, वतनाचा निवाडा नाहीं. म्हणून असे कागद बहुधा बाजूस सारले जातात, आणि जागेची अडचण पडली म्हणजे प्रथम रद्दीच्या वाटेस तेच लागतात. आमच्या मतें यांत एक मोठें साधन हातचें जात आहे. माणसास जगण्यास व काम करण्यास किती अन्न लागतें, या प्रश्नाला त्या काळच्या धन्यानें, कारभाऱ्यानें किंवा सरकारनें दिलेलें लेखी उत्तर म्हणजे शिध्याची यादी होय. तें उत्तर पुरेसें होतें कीं अपुरें, हें पाहण्याची तागडी आहारशास्त्रानें आज आपल्या हातीं दिली आहे. ती कशी धरावी, हें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

उदाहरणाकरितां आम्हीं कऱ्हाटी व तिच्या भोंवतालचा बारामती-इंदापूरचा मुलूख घेतला आहे. मोरगांवाहून बारामतीकडे उतरणाऱ्या कऱ्हा नदीच्या कांठचें हें गांव. या मुलुखाची ओळख वाचकांस निराळी करून देण्याचें कारण नाहीं. सुप्याचा परगणा मालोजी राजे भोसले यांच्या जहागिरीपासून सर्वांस ठाऊक आहे. बारामती ही बाबूजी नाईकांची व त्यांच्या आश्रयानें राहिलेल्या मोरोपंतांची. पुढें इंग्रजी अमलांत इंदापूर तालुक्यांतच १८३६ सालीं नव्या जमीनमोजणीची व साऱ्याची ती पद्धति प्रथम लागू झाली, जी नंतर सर्व मुंबई इलाख्यांत पसरली. आणि सावकारांविरुद्धचा दक्षिणेंतील दंगा १२ मे १८७५ रोजीं सुपें येथेंच प्रथम उठला. जमीन मोजली गेली, कर्ज मोजलें गेलें. आणि दंग्यास दीड वर्ष होतें न होतें तोंच याच मुलुखांत माणसाचा घांसहि मोजण्याची वेळ आली. त्या मोजणीविषयीं आम्हांस येथें लिहावयाचें आहे.

(१) मुलुखाचें अन्न

सह्याद्रीच्या पाठीमागें पडणारा हा भाग अवर्षणाचा. पाऊस सरासरी वीस इंचांच्या आंतबाहेर, आणि तोहि बेभरंवशाचा. हलक्या जमिनींत बाजरी, भारी काळ्या जमिनींत रब्बीची ज्वारी, तिच्या जोडीला तूर, हुलगे, मटकी, हरभरा व करडई, असा पिकांचा ठरीव क्रम. कुणब्याच्या घरचें रोजचें अन्न म्हणजे भाकरी, तिच्याबरोबर कोरड्यास, मीठ-मिरची, कांदा, जमल्यास ताक, आणि पावसाळ्यांत रानची भाजी. हुलग्याचें माडगें हें गरिबाघरचें नेहमींचें पेय.

हें अन्न साधें असलें तरी वेडेंविद्रें नाहीं. ज्वारींतील प्रथिनांत लायसीन नांवाचा घटक कमी पडतो. तोच तुरींत, हुलग्यांत व मटकींत भरपूर असतो. उलट डाळींत जो गंधकयुक्त घटक कमी, तो धान्य भरून काढतें. भाकरी व कोरड्यास हीं एकमेकांचें उणें झांकतात, तीं अशीं. हिरवी भाजी व ताक यांनीं जीवनसत्त्वें व चुना मिळतो. करडईच्या तेलानें स्निग्धांश येतो. ही जोडणी कोणा पंडितानें शिकविलेली नव्हे, पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवानें ती बसलेली आहे. आमचा मुद्दा एवढाच कीं, या ताटांतून एक एक वाटी काढून घेतली म्हणजे उरते ती नुसती भाकरी. आणि दुष्काळांत नेमकें असेंच घडतें. आधीं ताक जातें, कारण गुरें विकलीं जातात किंवा मरतात. मग भाजी जाते, मग डाळ, आणि सर्वांत शेवटीं धान्य. १८७६ सालीं परतीचा पाऊस चुकला तेव्हां या मुलुखांत हाच क्रम लागला.

(२) एका रत्तलाचा वाद

भीमथडी (बारामती व सुपें त्या वेळीं याच तालुक्यांत मोडत) आणि इंदापूर हे पुणें जिल्ह्याचे पूर्वेकडील तालुके त्या दुष्काळाच्या तडाख्यांत सांपडले. सरकारनें खडी फोडणें, रस्ते करणें, तलाव खणणें अशीं कामें काढलीं. भीमथडींतील शिर्सुफळचा व इंदापूर तालुक्यांतील भादलवाडीचा तलाव हे त्या दुष्काळाच्या मागेंपुढें झालेले. आणि १८८५ च्या सुमारास ज्यांत पाणी खेळूं लागलें तो नीरेचा डावा कालवाहि त्याच दुष्काळाच्या धक्क्यानें हातीं घेतला गेला.

१८७७ च्या जानेवारींत हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधि म्हणून सर रिचर्ड टेंपल दुष्काळी प्रदेशाच्या पाहणीस आले. १८७३-७४ च्या बिहारच्या दुष्काळांत त्यांनीं ब्रह्मदेशांतून तांदूळ आणवून लोकांस वांचविलें होतें, पण खर्च फार केला म्हणून त्यांस बोल लागला होता. या खेपेस काटकसरीचा हुकूम घेऊनच ते निघाले. पुरुष मजुरास एक रत्तल (म्हणजे इंग्रजी पौंड) धान्य अथवा तितक्याची किंमत व वर एक आणा, बाईस एक रत्तल व अर्धा आणा, आणि मुलांस याहून कमी, असें प्रमाण त्यांनीं सुचविलें व तें मुंबई इलाख्यांत लागू झालें. एक रत्तल म्हणजे ऐंशी तोळ्यांच्या शेरानें जवळजवळ एकूणचाळीस तोळे. आपल्या भाषेंत बोलावयाचें तर अच्छेरास तोळाभर कमी.

याच सुमारास लोकांना घराजवळचीं लहान कामें सोडून दूरच्या मोठ्या कामांवर जाण्याचे हुकूम सुटले. परिणाम असा झाला कीं, दक्षिणेंतील जिल्ह्यांतून हजारों मजुरांनीं कामें सोडलीं. उपाशी माणसानें भाकरीचें काम सोडून जावें, ही गोष्ट सरकारी अधिकाऱ्यांस चमत्कारिक वाटली. कित्येकांनीं तिचा अर्थ असा केला कीं, लोकांस खरी गरजच नव्हती. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें उलट बाजू मांडली. गणेश वासुदेव जोशी, महादेव गोविंद रानडे प्रभृति मंडळींच्या त्या सभेनें जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मिळवून सरकारकडे अर्ज केले, आणि हें प्रमाण अपुरें असल्याचें दाखविलें. तुरुंगांतील कैद्यास याहून जास्त अन्न मिळतें, हा त्या वेळच्या टीकाकारांचा मुख्य आक्षेप होता, आणि त्याला समाधानकारक उत्तर मिळालें नाहीं.

मद्रास इलाख्यांत हाच वाद वैद्यकाच्या भूमीवर लढला गेला. तेथील आरोग्य-कमिशनर डॉ. कॉर्निश यांचें म्हणणें असें कीं, काम करणाऱ्या माणसास निदान दीड रत्तल धान्य हवें, आणि शिवाय डाळ व भाजी हवी. नुसत्या धान्यानें पोट भरल्यासारखें वाटेल, पण शरीर झिजेल. अखेर मार्च १८७७ मध्यें मद्रास सरकारनें अर्धें म्हणणें मान्य करून सव्वा रत्तल धान्य व दीड औंस डाळ असें प्रमाण केलें. दुष्काळाच्या चौकशीकरितां सर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखालीं जें कमिशन बसलें, त्यानें १८८० च्या अहवालांत काम करणाऱ्या पुरुषास सुमारें दीड रत्तल धान्याची गरज मानली, व त्यांत डाळीचा योग्य अंश असावा असें सांगितलें. म्हणजे वाद कॉर्निशच्या बाजूनें निकालांत निघाला. पण तोंपर्यंत जे मेले ते मेले.

(३) तागडींत घालून पाहतां

त्या वेळीं दोन्ही पक्षांजवळ अर्धीच हत्यारें होतीं. लीबिग या जर्मन शास्त्रज्ञाच्या मतामुळें नत्रयुक्त द्रव्यांस महत्त्व आलें होतें, म्हणून कॉर्निश यांचा भर डाळीवर. अन्नांतील उष्णता मोजून त्यावरून श्रमाचा हिशेब मांडण्याची रीति रूब्नर व ॲटवॉटर यांच्या प्रयोगांनीं पुढें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. जीवनसत्त्वांची कल्पना तर १९१२ नंतरची. आज हीं सर्व साधनें एकत्र आहेत, तेव्हां तो रत्तल पुन्हा एकदां तोलून पाहणें योग्य होईल.

आहारशास्त्रज्ञाचें काम तीन प्रश्नांत सांगतां येतें. पहिला, अन्नांत काय आहे? दुसरा, ज्याला तें द्यावयाचें त्याला किती लागतें? तिसरा, दिलेल्यांपैकीं त्याच्या तोंडांत प्रत्यक्ष किती पडतें? पहिला प्रश्न प्रयोगशाळेंत सुटतो, दुसरा माणसाच्या शरीरावर, आणि तिसरा त्याच्या चुलीपाशीं. १८७७ चा वाद पहिल्या दोन प्रश्नांवर झाला; माणसें मेलीं तीं मात्र बहुतांशीं तिसऱ्यामुळें, असें आमचें मत आहे. तें क्रमानें दाखवितों.

पहिला प्रश्न. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या १९७१ च्या कोष्टकांप्रमाणें शंभर ग्रॅम ज्वारींत ३४९ उष्मांक व १०.४ ग्रॅम प्रथिन असतें. एक रत्तल म्हणजे ४५४ ग्रॅम. तेव्हां टेंपल यांच्या रत्तलभर ज्वारींत सुमारें १,५८० उष्मांक व ४७ ग्रॅम प्रथिन; दीड रत्तलांत सुमारें २,३७० उष्मांक व ७१ ग्रॅम प्रथिन.

दुसरा प्रश्न. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०२० सालीं ठरविलेल्या प्रमाणांत ६५ किलो वजनाच्या पुरुषास मध्यम श्रमाला २,७१० व जड श्रमाला ३,४७० उष्मांक धरले आहेत. दुष्काळांतला मजूर एवढा भरलेला नसणार. त्याचें वजन ५० किलो मानून त्याच प्रमाणांत आंकडा उतरविला, तरी जड कामास सुमारें २,६७० उष्मांक होतात. हें गणित ढोबळ आहे, पण दिशा कळण्यास पुरेसें आहे. गरजेचा पुरा रुपया धरला तर नुसत्या रत्तलभर धान्यानें त्यांतले साडेनऊ आणे भागले. बाकीचे साडेसहा आणे शरीरानें स्वतःच्या मांसांतून द्यावयाचे; आणि तें मांस आधींच आटलेलें.

(४) वरच्या आण्याचें गणित

टेंपल यांच्या पक्षास न्याय द्यावयाचा तर वरचा आणा विसरतां कामा नये. रुपयास दहा रत्तल ज्वारी असा भाव नमुन्यादाखल धरूं. मग एका आण्यास दहा छटांक रत्तल, म्हणजे रत्तलाचे पांच अष्टमांश धान्य येतें. पुरुषानें आणा सबंध धान्यावरच खर्च केला तर त्याचे एकूण सुमारें २,५७० उष्मांक होतात. हा आंकडा आपण वर काढलेल्या गरजेच्या अगदीं जवळ आहे. कागदावर हें प्रमाण मांडणारे अधिकारी निव्वळ क्रूर होते असें म्हणून चालणार नाहीं. त्यांचें गणित एका माणसापुरतें, एका भावाला, जवळजवळ जुळत होतें. चूक कोठें होती, तें आतां पाहूं.

एक तर आण्यांतून मीठ, मिरची, सरपण व दळण हेंहि भागवावयाचें होतें. कॉर्निश यांनीं मागितलेली डाळहि त्याच आण्यांत. दुसरें, धान्याचा रत्तल कायम होता, पण आणा हा आणाच राहिला. भाव रुपयास दहा रत्तलांवरून सहा रत्तलांवर आला कीं आण्यास सहा अष्टमांशांच्या निम्मेंच, म्हणजे रत्तलाच्या पावणेदोन पावांहूनहि कमी धान्य मिळणार, व एकूण आंकडा सुमारें २,१८० वर घसरणार. दुष्काळ जसजसा कडक होई तसतसा शिधा आपोआप आंखडे. हुकूम मात्र तोच राही. तिसरें, बाईस अर्धाच आणा. दहा रत्तलांच्या भावानें तिला सुमारें २,०८० उष्मांक पडतात. ४५ किलो वजनाच्या बाईस जड कामाला याच रीतीनें सुमारें २,२२० लागतात. आणि अंगावर पाजणाऱ्या बाईस पहिल्या सहा महिन्यांत आणखी ६०० लागतात, असें परिषदेचें मान आहे. पाटी वाहणाऱ्या ओल्या बाळंतिणीचा विचार त्या हिशेबांत नाहीं.

आतां तिसरा प्रश्न, चुलीपाशींचा. नवरा, बायको, म्हातारी आई आणि कामास न लागणारीं दोन पोरें, असें पांच माणसांचें कुटुंब घ्या. दोघांची मजुरी मिळून दहा रत्तलांच्या भावानें सुमारें ४,६५० उष्मांक घरीं येतात. पांच तोंडांत वांटले तर दर माणशीं ९३० पडतात. काम न होणाऱ्यांस धर्मादाय मदत देण्याची तरतूद होती, पण ती जेथें पोंचली नाहीं तेथें मजुरालाच आपला शिधा वांटून खावा लागे. अधिकाऱ्यांनीं एक मजूर तोलला; कऱ्हेच्या कांठीं जेवणारा मात्र एकटा मजूर नव्हता, कुटुंब होतें. आपला घांस पोराला देणारा बाप दुसऱ्या दिवशीं खडी कमी फोडतो, म्हणून त्याची मजुरी कमी होते. आहारशास्त्राच्या कोणत्याहि कोष्टकांत हा फेरा दिसत नाहीं, पण आहारशास्त्रज्ञास तो ठाऊक असावाच लागतो. लोकांनीं कामें कां सोडलीं, याचें उत्तर आम्हांस येथें सांपडतें. घराजवळच्या कामावर असतांना शेंदाड, भाजी, सरपण, शेजाऱ्याची उसनवारी असा कांहीं आधार राही. दूरच्या तळावर तोहि तुटे, आणि मग रत्तल हा खराच रत्तल ठरे.

नुसत्या धान्यावर राहण्याचा आणखी एक परिणाम त्या वेळीं कोणास ठाऊक नव्हता. दक्षिणेच्या पठारावर ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या लोकांत पेलाग्रा नांवाचा रोग होतो, व ज्वारींतील ल्यूसीनचें आधिक्य हें त्याचें एक कारण असावें, असें डॉ. गोपालन व डॉ. श्रीकंठिया यांनीं १९६० सालीं मांडलें. उन्हानें कातडी काळवंडणें, हगवण लागणें, बुद्धि भ्रमणें हीं त्या रोगाचीं लक्षणें. दुष्काळाच्या जुन्या वृत्तांतांत हगवणीनें मेलेल्यांचे उल्लेख आढळले कीं आपण पटकीचा किंवा वाईट पाण्याचा तर्क करतों. त्यांतील कांहींच्या मुळाशीं ताटांतून गेलेली डाळ असूं शकेल, हें संशोधकांनीं लक्षांत ठेवावें.

(५) पुढील शतकांत

हा वाद १८८० च्या अहवालानें मिटला असें नाहीं. दक्षिणेंत कूनूर येथें मॅकॅरिसन यांनीं आहाराच्या संशोधनाचा पाया घातला. त्यांच्या मागून आलेल्या ॲक्रॉइड यांनीं १९३७ सालीं हिंदी अन्नपदार्थांचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं, आणि प्रत्येक धान्याचें मोल आंकड्यांत सांगण्याची सोय झाली. तीच संस्था १९५८ सालीं हैदराबादेस गेली.

पुण्यांत तर हा प्रश्न जवळजवळ शंभर वर्षांनीं पुन्हा उभा राहिला. वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनीं १९७१ सालीं दारिद्र्याची रेषा आंखतांना दर माणशीं दररोज २,२५० उष्मांकांचा आधार घेतला. त्यावर पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं आक्षेप काढला. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं जन्मलेले हे संख्याशास्त्रज्ञ संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेंत काम करून पुण्यास परतले होते. माणसाची गरज हा एक ठरीव आंकडा नसून त्याच माणसाच्या ठिकाणीं ती दिवसागणिक कांहीं मर्यादेंत कमीजास्त होते, म्हणून सरासरीहून कमी खाणारा प्रत्येक जण उपाशीच असें म्हणतां येत नाहीं, असा त्यांचा विचार. दांडेकरांस तो मान्य झाला नाहीं. दोघांचा हेतु एकच, गरिबास पुरेसें मिळावें; पण पुरेसें म्हणजे किती, हें ठरविणें किती अवघड आहे तें या वादानें पुन्हा दाखविलें.

याच काळांत १९७२ चा दुष्काळ आला. १९७३ च्या मे महिन्यांत महाराष्ट्रांत पन्नास लाखांच्या घरांत माणसें दुष्काळी कामांवर होतीं. त्या वेळीं कामावरच्या लोकांस मजुरीखेरीज सुखडी वांटली गेली, व ती खाल्लेलीं माणसें आजहि तिची आठवण काढतात. वरच्या विवेचनाच्या दृष्टीनें सुखडीचें महत्त्व असें कीं, ती पैशांत नसून पदार्थांत होती. भाव वाढला म्हणून ती आंखडत नव्हती, आणि तिला दळण, सरपण कांहीं लागत नव्हतें. १८७७ च्या आण्यांत जे दोष होते ते तिच्यांत नव्हते.

(६) दप्तरांतील याद्या कशा वाचाव्या

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. एखाद्या शिध्याच्या यादीवरून आहाराविषयीं अनुमान काढण्यापूर्वीं पुढील गोष्टी पाहाव्या.

पहिली, माप कैली कीं वजनी. दोन चिपटीं म्हणजे एक मापटें, दोन मापटीं म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली, हें कोष्टक सर्वत्र सारखें दिसलें तरी शेर गांवोगांव निराळा. शिवाय एकाच मापट्यांत बाजरी, ज्वारी व तांदूळ निरनिराळ्या वजनाचे मावतात. आणि माप सपाट कीं शीग लावून, यानेंहि बराच फरक पडतो. स्थानिक मापाचा निर्णय झाल्याखेरीज उष्मांकांचा आंकडा मांडूं नये.

दुसरी, आसामी कोण. शिपाई, कारकून, भिक्षुक, पाहुणा यांचीं प्रमाणें निराळीं असत. यादींत दिलेला शिधा त्या आसामीनें एकट्यानें खाल्ला, कीं तो त्याच्या घरचा पगारच होता, हें संदर्भावरून ठरवावें. पांच तोंडांचें वरील उदाहरण येथें विसरूं नये. तसेंच घोड्याच्या चंदीचा हरभरा माणसाच्या खात्यांत घालूं नये. ही चूक दिसते तितकी दुर्मिळ नाहीं.

तिसरी, दिवस कोणता. श्राद्ध, व्रत, अनुष्ठान, लग्न, स्वारीचा मुक्काम अशा प्रसंगींच्या याद्या अधिक लिहिल्या गेल्या व अधिक टिकल्या. रोजच्या चुलीची यादी कोणी लिहीत नसे. म्हणून तूप-साखरेच्या यादीवरून काळ सुबत्तेचा होता असें म्हणणें धाडसाचें होईल.

चौथी, यादींत काय नाहीं. ताक, रानभाजी, हुलगा, मासळी हें विकत न घेतलेलें अन्न हिशेबांत येत नाहीं. आणि ज्यांच्या वांट्यास उरलेलें अन्न येई तीं माणसेंहि येत नाहींत. कागद गप्प आहे म्हणून ताट रिकामें होतें असें नव्हे, आणि कागद भरलेला आहे म्हणून सर्वांचीं पोटें भरलीं असेंहि नव्हे.

पांचवी, जुनें आहारशास्त्र व नवें यांचा मेळ. चरकानें आहाराची मात्रा खाणाऱ्याच्या अग्नीवर अवलंबून ठेविली आहे. म्हणजे माप माणसाकडून येतें, कोठीकडून नव्हे. तंजावरच्या एकोजी राजांच्या राणी दीपाबाई यांच्या आश्रयास असलेल्या रघुनाथ पंडितांचें ‘भोजनकुतूहल’ हें सतराव्या शतकाच्या अखेरचें. परशुराम कृष्ण गोडे यांनीं त्या ग्रंथकाराविषयीं लिहून संशोधकांचें लक्ष तिकडे वेधलें, व ग्रंथाचा पहिला परिच्छेद १९५६ सालीं त्रिवेंद्रमास छापला गेला. अशा ग्रंथांतून पदार्थांचे गुणदोष कळतात, याद्यांतून परिमाण कळतें. दोन्ही एकत्र वाचलीं तरच चित्र पुरें होतें.

सुपें, बारामती, इंदापूर व कऱ्हेकांठचीं गांवें येथील जुन्या घरांतून, दुकानदारांच्या कीर्दी-खतावण्यांतून व कुळकर्ण्यांच्या रुमालांतून १८७६ ते १८७८ चे कागद अद्याप मिळण्याजोगे आहेत. ज्वारी कोणत्या महिन्यांत काय भावानें विकली, उधारी केव्हां बंद झाली, डाळीची नोंद कोणत्या पानापासून दिसेनाशी झाली, कामावरच्या हजेरीपटांत एका घरचीं किती नांवें होतीं, या बारीक नोंदींवरूनच वरच्या आण्याचें खरें गणित कळणार आहे. आम्हीं दहा रत्तलांचा भाव नमुन्यादाखल धरला. त्या जागीं खरा भाव ठेवणें हें संग्राहकांच्या हातीं आहे.

नीरेच्या कालव्यानें आज त्या मुलुखाच्या मोठ्या भागांत ऊंस उभा आहे, आणि अच्छेरास तोळाभर कमी धान्यावर तेथें कोणी खडी फोडली होती हें त्या पाण्याकडे पाहून कळत नाहीं. कळेल तें कागदावरूनच. म्हणून ज्यांच्या संग्रहीं अशा याद्या असतील त्यांनीं त्या क्षुल्लक समजून टाकूं नयेत, त्यांवरील साल, गांव व माप यांची नोंद करून जपून ठेवाव्या, इतकी विनंति करून हा लेख पुरा करतों.